सूक्ष्मरोबोने पेशी हाताळताना: हालचाल, सुटका आणि मोजमाप

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. आपण चुंबकाने चालणारा एक सूक्ष्मरोबो तयार केला आहे. त्याचे चुंबकीय अंग सुमारे ३०० मायक्रोमीटरचे असून पुढे दोन बारीक लवचीक बोटांचा चिमटा आहे. काचेच्या तळाच्या बशीत, सूक्ष्मदर्शकाखाली, त्याने एकेक जिवंत पेशी पकडावी, हवी तेथे न्यावी, दाबून तिचा ताठरपणा मोजावा आणि मग तिला सोडून द्यावे, असा आपला बेत आहे. प्रत्यक्षात रोबो सलग न सरकता धक्के खात पुढे जातो, पकडलेली पेशी बोटाला चिकटून राहते, आणि एकाच बशीतल्या एकाच प्रकारच्या पेशींचे आकडे एकमेकांच्या दुप्पट-निमपट येतात. म्हणून रोबो आणखी लहान करावा की बशीखालचे चुंबक अधिक जोरदार घ्यावे, असे आपण विचारले आहे.

दोन्हींपैकी काहीच करू नये, निदान एवढ्यात तरी करू नये, असे माझे मत आहे. आपल्या तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी एकाही अडचणीचे मूळ बळाच्या कमतरतेत नाही. बोट पेशीला टेकल्यापासून ती सुटेपर्यंतच्या काळात पेशीवर नेमके किती बळ लागले, किती वेळ लागले आणि त्या वेळी पेशी कोणत्या अवस्थेत होती, याचा हिशेब आपल्याकडे नाही, हा मला खरा प्रश्न वाटतो. रोबो लहान केल्याने किंवा चुंबक बदलल्याने तो हिशेब मिळत नाही. उलट, पुढे लिहिल्याप्रमाणे, तो अधिक बिघडण्याची शक्यता आहे.

आधी एक मर्यादा सांगायला हवी. पेशी कोणती आहे, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. मानवी अंडपेशीचा व्यास १०० मायक्रोमीटरहून थोडा अधिक असतो आणि तिच्याभोवती एक जाड पारदर्शक आवरण असते, त्यामुळे ती हाताळणे तुलनेने सोपे जाते. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ८ मायक्रोमीटर आणि जाडी जेमतेम २ मायक्रोमीटर असते, आणि ती बोटाच्या स्पर्शाने पिशवीसारखी दबते. ऊतीतून काढून वाढवलेल्या बहुतेक पेशी १० ते २० मायक्रोमीटरच्या असतात. त्या तळाला पसरून चिकटलेल्या असताना एक असतात आणि सोडवून तरंगत ठेवल्यावर जणू दुसऱ्याच होतात. आपण पेशींची जात लिहिलेली नाही. परंतु वर्णनावरून त्या तळापासून सोडवलेल्या, गोल झालेल्या पेशी असाव्यात असे गृहीत धरून मी लिहीत आहे.

हालचालीचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो समजला की लहान रोबोचा मोह आपोआप कमी होतो. आपल्या मोजमापांच्या जगात पाणी पाण्यासारखे वागत नाही. १० मायक्रोमीटर व्यासाचा एक गोल कण पाण्यातून सेकंदाला १०० मायक्रोमीटर या वेगाने जात आहे असे धरले, तर त्याचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व आणि श्यानता (द्रवाचा दाटपणाचा अडथळा) यांचे गुणोत्तर, सुमारे एक सहस्रांश येतो; अर्थात जडत्व जवळजवळ नाहीच आणि सर्व कारभार श्यानतेच्या हाती असतो. ओढणे थांबवले की हा कण किती पुढे घरंगळेल, हे गणित करून पाहा: उत्तर सुमारे अर्धा नॅनोमीटर येते, म्हणजे दोन-चार अणूंच्या रुंदीइतके. या परिस्थितीचे सर्वांत सुबोध विवेचन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात आहे. शिंपला जसा फक्त उघडझाप करतो, तशी मागेपुढे सारखीच असणारी हालचाल करून या जगात पुढे सरकता येत नाही, हे त्यांनी त्यात दाखवले. म्हणूनच पोहणारे सूक्ष्मरोबो बहुधा मळसूत्राच्या आकाराचे करतात आणि ते फिरत्या चुंबकीय क्षेत्राने गरगर फिरवले जातात. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात ब्रॅडली नेल्सन यांच्या गटाने आणि हार्वर्डमध्ये अंबरीश घोष व पेअर फिशर यांनी २००९ साली स्वतंत्रपणे असे चुंबकीय मळसूत्री पोहणारे दाखवले.

आपला रोबो मात्र पोहत नाही, तो ओढला जातो. ओढणारे चुंबकीय बळ रोबोच्या आकारमानाच्या प्रमाणात, म्हणजे लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते. पाण्याचा अडथळा लांबीच्या प्रमाणात असतो. रोबो सर्व बाजूंनी निम्मा केला, तर बळ एक अष्टमांश होते, अडथळा केवळ निम्मा होतो आणि त्याच क्षेत्रात वेग एक चतुर्थांशावर येतो. ही तूट भरून काढण्यासाठी चुंबक जवळ आणावे लागते किंवा विद्युतचुंबक असल्यास त्याच्या कॉइलमधील, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातील, विद्युतप्रवाह वाढवावा लागतो, आणि त्यातून उष्णतेचा प्रश्न उभा राहतो. पेशीला टेकणारे टोक बारीक हवे, हे खरेच आहे. पण ते टोक वाहणारे अंग बारीक असण्याची गरज नाही. शिवणकाम करणाऱ्याची सुई बारीक असते, हात नव्हे. ३०० मायक्रोमीटरचे अंग आणि ५ ते १० मायक्रोमीटरचे टोक ही आपली रचना योग्यच आहे, ती बदलू नये.

मग धक्के का बसतात? चुंबक बशीच्या खाली असल्यामुळे ते रोबोला जेवढे बाजूला ओढते, त्याहून कितीतरी अधिक खाली दाबते. रोबोचा तळ काचेवर टेकतो, घर्षण त्याला धरून ठेवते, चुंबक पुढे सरकत राहते, बाजूचे बळ घर्षणापेक्षा वाढते आणि रोबो एकदम उसळी घेऊन पुढे जातो. मग पुन्हा थांबतो. चुंबक अधिक जोरदार घेतले की बाजूचे बळ वाढते, तसाच खालचा दाबही वाढतो आणि घर्षण त्याच प्रमाणात चढते. जोर वाढूनही धक्के तसेच राहतात, आणि उसळी मात्र पूर्वीपेक्षा मोठी होते. पेशीच्या शेजारी ५ मायक्रोमीटरची उसळी म्हणजे पेशी फुटलीच असे समजा. जपानमध्ये फुमिहितो अराई यांच्या गटाने नेमक्या याच अडचणीवर २०११ साली एक उपाय प्रसिद्ध केला. चिपच्या, म्हणजे बारीक द्रवमार्ग कोरलेल्या पट्टीच्या, काचेच्या तळाला श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणारी जलद) कंपने दिली, तर रोबोचे घर्षण खूप घटते आणि तो चुंबकामागून सुरळीत सरकतो. तेवढी यंत्रणा नसेल, तर तळावर प्रथिनाचा लेप देणे, रोबोच्या तळाला बारीक पाय किंवा कड ठेवून काचेशी संपर्क कमी करणे आणि चुंबक थोडे दूर नेणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. चुंबक दूर नेण्याचा सल्ला ऐकून विद्यार्थी माझ्याकडे संशयाने पाहतात, पण तो करून पाहण्यासारखा आहे.

आता सुटकेचा प्रश्न. माझ्या अनुभवात या क्षेत्रातला सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि प्रकल्पाच्या आराखड्यात त्याला बहुधा एकही ओळ दिलेली नसते. आपल्या हातातून लाडू खाली पडतो, कारण त्याचे वजन हाताच्या चिकटपणापेक्षा अधिक असते. पेशीचे वजन, त्यातही द्रावणात तरंगणाऱ्या पेशीचे वजन, इतके नगण्य असते की चिमटा उघडल्यावर तिला खाली पडायला काही कारणच उरत नाही. दुसरीकडे, चिकटवणारी बळे शिल्लक असतात. कोरड्या हवेतील सूक्ष्म वस्तूंच्या बाबतीत स्थिर विद्युत आणि ओलाव्याचा पृष्ठताण हे मुख्य शत्रू असतात; द्रावणात बुडालेल्या पेशीच्या बाबतीत ते बाजूला पडतात. तेथे मीठ इतके असते की विद्युतभारांमधील अपकर्षण एका नॅनोमीटरच्याही आत झाकले जाते, त्यामुळे पेशी आणि बोट एकमेकांच्या अगदी जवळ येऊ शकतात. त्यावर माध्यमातील, म्हणजे पेशी ज्यात ठेवतात त्या पोषक द्रावणातील, रक्तद्रवाची प्रथिने काही मिनिटांत बोटावर बसतात. त्या थराला पेशीच्या पृष्ठभागावरील रेणू हळूहळू बिलगू लागतात, कारण तळाला धरून बसणे हा बहुतेक पेशींचा स्वभावच आहे.

यातून व्यवहारातले तीन नियम निघतात. पहिला वेळेचा आहे. पेशी बोटाला टेकून दहा सेकंद राहिली तर ती सुटते, पाच मिनिटे राहिली तर बहुधा सुटत नाही. म्हणून पकड, मोजमाप आणि सुटका ही सलग, आधी ठरवलेल्या क्रमाने झाली पाहिजेत. पेशी पकडून ठेवून मग कॅमेऱ्याची जुळवाजुळव करणे चालणार नाही. दुसरा नियम संपर्काच्या क्षेत्रफळाचा. सपाट बोटांऐवजी किंचित गोलाई असलेली किंवा बारीक कंगोरे काढलेली बोटे वापरली, तर पकड पुरेशी राहते आणि चिकटण्याची जागा घटते. तिसरा नियम लेपाचा. बोवाइन सीरम अल्ब्युमिनच्या (गाईच्या रक्तद्रवातील प्रथिनाच्या) एक टक्का द्रावणात बोटे तासभर बुडवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेसा उपाय आहे. प्लुरॉनिक एफ-१२७ किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल या, प्रथिने चिकटू न देणाऱ्या, पॉलिमरांचा लेप त्याहून टिकाऊ ठरतो, मात्र तो बोटाच्या पदार्थावर नीट बसतो का, ते आधी तपासावे लागते.

एवढे करूनही पेशी चिकटली, तर बोट झटकू नये. जडत्वच नसल्यामुळे हळू झटकण्याचा काही उपयोग होत नाही, आणि जोराने झटकल्यास पेशीवर लागणारे बळ आपल्या ताब्यात राहत नाही. त्याऐवजी एक बोट दुसऱ्यापेक्षा किंचित आधी आणि किंचित खालून सरकवावे, म्हणजे पेशी उपटली न जाता कडेपासून सोलली जाते. सोलायला लागणारे बळ उपटण्याच्या बळापेक्षा पुष्कळ कमी असते. शेजारून पिपेटने द्रावणाचा हलका प्रवाह देणे हाही जुना आणि खात्रीचा मार्ग आहे.

येथे माझे एक मत नोंदवते, ते सर्वांना पटेलच असे नाही. पेशी खरोखर पकडायची गरज आहे का, हे पुन्हा एकदा तपासा. नुसते हलवायचे असेल, तर चिमट्याऐवजी इंग्रजी यू अक्षरासारखी खुली खाच असलेला रोबो करून पेशीला ढकलत नेणे पुरते. पेशी खाचेत राहते, तिच्यावर दोन्ही बाजूंनी दाब येत नाही, आणि रोबो मागे घेतला की ती जागेवर राहते. नुसते दाबून मोजायचे असेल, तर चिपमधल्या एका भिंतीशी पेशी टेकवून एकाच बोटाने दाबता येते. माझ्या बहुतेक कामात चिमटा बाजूला पडला आणि खाच व भिंत उरली.

मोजमापाकडे वळू. आपली पद्धत तत्त्वतः चांगली आहे. लवचीक बोट ही एक स्प्रिंग असते, तिचा स्प्रिंग-स्थिरांक (ठरावीक अंतर वाकवायला लागणारे बळ) माहीत असेल, तर कॅमेऱ्याने तिचे वाकणे मोजून बळ काढता येते. पण स्प्रिंगची निवड आणि संपर्कबिंदू, या दोन ठिकाणी हिशेब चुकतो. आधी बळाचा अंदाज घेऊ. मऊ पेशीचा यंग गुणांक, म्हणजे ताठरपणाचा आकडा, साधारण एक किलोपास्कल धरला आणि ५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोल टोकाने तिला एक मायक्रोमीटर दाबले, तर गोल टोकाच्या दाबासाठीच्या हर्ट्झच्या सूत्राप्रमाणे बळ सुमारे ४ नॅनोन्यूटन येते. आपल्या बोटाचा स्थिरांक मायक्रोमीटरला १० नॅनोन्यूटन असेल, तर ते फक्त ०.४ मायक्रोमीटर वाकेल. कॅमेऱ्यात ०.१ मायक्रोमीटरपर्यंतचाच फरक खात्रीने दिसत असेल, तर बळातच २५ टक्क्यांची अनिश्चितता आली. स्थिरांक मायक्रोमीटरला २ नॅनोन्यूटन असेल, तर तेच बोट २ मायक्रोमीटर वाकेल आणि अनिश्चितता ५ टक्क्यांवर येईल. मापनासाठीचे बोट पेशीपेक्षा फार ताठ असू नये, हा नियम वजनकाट्यालाही लागू आहे: धान्याच्या पोत्यांच्या काट्यावर कोणी सोने तोलत नाही.

दुसरी चूक अधिक गुप्त आणि अधिक मोठी आहे. हर्ट्झच्या सूत्रात बळ हे दाबाच्या खोलीच्या दीड घातावर अवलंबून असते, आणि खोली मोजायची तर बोट पेशीला नेमके केव्हा टेकले हे माहीत हवे. समजा खरी खोली एक मायक्रोमीटर आहे आणि आपण टेकण्याचा क्षण उशिरा ओळखल्यामुळे ती ०.८ धरली, मग गुणांक खऱ्यापेक्षा ४० टक्के जास्त येतो. क्षण लवकर ओळखून १.२ धरली, तर तो सुमारे २४ टक्के कमी येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवा: एकच पेशी, एकच बळ, आणि संपर्कबिंदूत केवळ ०.२ मायक्रोमीटर इकडेतिकडे झाल्याने उत्तरांत जवळजवळ दुपटीचा फरक पडला. आपल्या आकड्यांतील दुप्पट-निमपट फरकापैकी किती पेशींचा आणि किती या एका गोष्टीचा, हे आज सांगता येणार नाही. म्हणून संपर्कबिंदू डोळ्यांनी ठरवू नये. दाबताना पाच-सहा खोलींवर बळ नोंदवून संपूर्ण वक्र सूत्राशी जुळवावा आणि संपर्कबिंदू त्या जुळणीतूनच काढावा.

याखेरीज दोन बाबी मोजमाप ढवळतात. खोली पेशीच्या उंचीच्या एक दशांशाच्या पुढे गेली, तर हर्ट्झचे सूत्र लागू पडत नाही, कारण आपण खालची काच किंवा मधले केंद्रक मोजू लागतो. शिवाय पेशी ही नुसती स्प्रिंग नाही, तिच्यात लापशीसारखा दाट द्रवही आहे, त्यामुळे वेगाने दाबल्यास ती ताठ वाटते आणि हळू दाबल्यास मऊ. दाबण्याचा वेग सर्व पेशींसाठी एकच ठेवला नसेल, तर आकड्यांची तुलनाच करता येणार नाही. धक्के खात चालणाऱ्या रोबोने वेग एकसारखा राहणे शक्य नाही, म्हणजे आपली पहिली अडचण तिसऱ्या अडचणीत शिरलेली आहे.

बोटाचा स्थिरांक आराखड्यातील मापांवरून काढलेला असेल, तर त्यावर विसंबू नका. वाकणाऱ्या पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे जाडीत १० टक्क्यांची चूक म्हणजे स्थिरांकात ३० टक्क्यांहून अधिक चूक. माहीत असलेल्या स्थिरांकाच्या पट्टीवर बोट दाबून प्रत्येक रोबोचे वेगळे अंशन (कॅलिब्रेशन) करावे लागते. सूक्ष्म छपाई केलेले पॉलिमरचे बोट द्रावणात फुगून मऊ होऊ शकते, म्हणून हे अंशन द्रावणातच करावे.

आतापर्यंतच्या मुद्द्यांचा सारांश असा की रोबोचे अंग आहे तेवढेच ठेवायचे, चुंबक दूर न्यायचे, घर्षण कमी करायचे, चिमट्याऐवजी खाच आणि भिंत यांचा विचार करायचा, आणि बोट मऊ करून त्याचे अंशन करायचे. यानंतर उरते ती पेशी. आमच्यासारखे यंत्रात रमणारे लोक तिला सर्वांत शेवटी आठवतात.

येथे माझी स्वतःची एक फजिती सांगते. आमच्या एका प्रयोगमालिकेत सकाळी मोजलेल्या पेशी ताठ आणि दुपारी मोजलेल्या मऊ येत होत्या. आम्ही त्यावर पेशीचक्र, उपासमार, माध्यमाचा जुनेपणा असे अनेक तर्क लढवले आणि दोन आठवडे त्यात घालवले. शेवटी एका सहकाऱ्याने बशीत बारीक तापमापक तार बुडवली, तेव्हा दिवसभर चालणाऱ्या कॉइल बशीला हळूहळू काही अंशांनी तापवत असल्याचे कळले. विद्युतप्रवाह दुप्पट केला की कॉइलमधील उष्णता चौपट होते, हे आम्हाला शाळेपासून माहीत होते; ते फक्त बशीशी जोडून पाहिले नव्हते. तेव्हापासून बशीतले तापमान प्रत्येक मोजमापासोबत नोंदवले जाते, आणि वेगवेगळ्या गटांच्या पेशी एकाआड एक मोजल्या जातात. एक गट सकाळी व दुसरा दुपारी असे आम्ही कधीही करत नाही. आपण स्थायी चुंबक वापरत असाल तर कॉइलची उष्णता नसेल, पण सूक्ष्मदर्शकाचा दिवाही कमी नसतो.

तापमानाबरोबर आम्लता येते. बायकार्बोनेट असलेले नेहमीचे माध्यम पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेसाठी बनवलेले असते. इन्क्युबेटरबाहेर (पेशी वाढवण्याच्या उबदार पेटीबाहेर) काढल्यावर ते अल्कधर्मी होत जाते आणि त्यातला फिनॉल रेड हा आम्लता दाखवणारा रंग जांभळट गुलाबी दिसू लागतो. उघड्यावर काम करायचे असेल, तर हेपेस बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रव्य) असलेले माध्यम घ्यावे. द्रावण थोडे असेल, तर बाष्पीभवनाने त्यातील क्षारांचे प्रमाण वाढते, पेशीतील पाणी बाहेर जाते, ती आकसते आणि ताठ होते. अंडपेशींसोबत काम करणारे लोक थेंबांवर तेलाचा थर ठेवतात, तो याचसाठी. आणि आपण पेशी ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराने (एन्झाइमने) तळापासून सोडवत असाल, तर सोडवल्यापासून मोजेपर्यंतचा काळ प्रत्येक वेळी सारखा ठेवा. ट्रिप्सिन पृष्ठभागावरील प्रथिने कापते, पेशी गोल होताना तिचा आतला प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा नव्याने मांडला जातो, आणि पहिल्या अर्ध्या तासातली पेशी ही दोन तासांनंतरच्या पेशीसारखी नसते.

पेशी जिवंत राहिली का, हे तपासायला बहुतेक जण ट्रिपॅन ब्लू वापरतात. तो रंग पटल फाटलेल्या पेशीतच शिरतो, म्हणजे ती मेली एवढेच तो सांगतो. न मेलेल्या पण हादरलेल्या पेशीबद्दल तो काही सांगत नाही. पेशीला स्पर्श कळतो, हे आता निव्वळ रूपक राहिलेले नाही. दाबाने उघडणाऱ्या पिएझो नावाच्या आयनमार्गांचा शोध २०१० साली लागला आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ सालच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला, त्यात या कामाचा भाग होता. बोट टेकताच पेशीत कॅल्शियमची लाट उसळू शकते. म्हणून मोजलेल्या पेशी आणि शेजारच्या न शिवलेल्या पेशी अशा दोन्ही दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून त्या पसरतात का, विभागतात का, हे पाहणे हीच माझ्या दृष्टीने खरी कसोटी आहे.

रोबो कशाचा आहे, हेही कळवा. निकेल पेशींना घातक असते. निओडिमियमचे चुंबक खारट द्रावणात लवकर गंजते, आणि त्याचे क्षार माध्यमात उतरतात. दोन्हींवर पॅरिलीन (एक संरक्षक पॉलिमर), टायटॅनियम किंवा सोन्याचा अखंड थर हवा. एक ओरखडाही पुरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या रोबोंची चलचित्रे आकर्षक दिसतात, पण ते द्रव्य पेशी मारते, त्यामुळे आपल्या कामासाठी तो मार्ग बंद आहे.

आता आपण न विचारलेला, पण मला विचारावासा वाटणारा प्रश्न: हे काम रोबोनेच का करायचे? पेशीच्या आत चुंबकीय कण घालून ते फिरवण्याचा प्रयोग फ्रान्सिस क्रिक आणि आर्थर ह्यूज यांनी १९५० साली केला होता, म्हणजे डीएनएच्या रचनेच्या तीन वर्षे आधी. पिपेटने पेशी चोखून तिचा ताठरपणा मोजण्याची पद्धत १९५४ सालची आहे. लेसरच्या एकवटलेल्या किरणाने सूक्ष्म वस्तू धरणारा आर्थर अॅश्किन यांचा प्रकाशचिमटा १९८६ साली आला, त्याच वर्षी बारीक टोकाच्या लवचीक पट्टीने पृष्ठभाग चाचपणारा अणुबल सूक्ष्मदर्शक आला. प्रकाशचिमट्याचे बळ साधारण शंभर पिकोन्यूटनपर्यंत असते, म्हणजे वर काढलेल्या ४ नॅनोन्यूटनच्या चाळीसाव्या भागाइतके. तांबड्या पेशीला ते ताणू शकते, सांगाड्याने भरलेल्या पेशीला खोल दाबायला अपुरे पडते. अणुबल सूक्ष्मदर्शक हेच ताठरपणाचे मापन अधिक अचूकपणे करतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने २००७ साली रुग्णांच्या छातीतील द्रवातून मिळालेल्या कर्करोगी पेशी निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ असल्याचे दाखवले, ते याच उपकरणाने. आणि हजारो पेशींची सरासरी हवी असेल, तर अरुंद नळीतून वेगाने वाहताना पेशीचा आकार किती बदलतो हे टिपणारी प्रवाही पद्धत सेकंदाला शेकडो पेशी तपासते. रोबोने दिवसभरात काही डझन पेशी झाल्या, तरी तो दिवस चांगला गेला असे मी म्हणते.

तरीही रोबोचे स्वतःचे एक क्षेत्र आहे. बंद चिपमध्ये, जेथे बाहेरची सुई किंवा पट्टी पोहोचत नाही, तेथे तो काम करतो. अंडपेशीचे बाहेरचे आवरण भेदायला मायक्रोन्यूटनच्या घरातले बळ लागते, ते प्रकाशाने मिळत नाही, पण चुंबकीय साधनाने मिळते. पेशीच्या आतही जाता येते: बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीश घोष यांच्या गटाने २०१८ साली जिवंत पेशींच्या आत मळसूत्री नॅनोमोटर चालवून दाखवले. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी पेशी मोजली तीच पेशी उचलून वेगळ्या कप्प्यात ठेवता येते, म्हणजे तिच्या ताठरपणाचा तिच्याच जनुकांच्या कामाशी संबंध लावता येतो. आपला प्रकल्प या प्रकारचा असेल, तर रोबोवरचे कष्ट सार्थ आहेत. केवळ सरासरी ताठरपणा हवा असेल, तर शेजारच्या विभागातील अणुबल सूक्ष्मदर्शकाची वेळ मागून घ्यावी, असे मी स्पष्टच सांगेन.

रोबोच ठरला, तर जिवंत पेशींना लगेच हात लावू नका. आधी ज्यांचा ताठरपणा वेगळ्या पद्धतीने मोजलेला आहे अशा पॉलिअॅक्रिलामाइडच्या मऊ गोळ्या घेऊन एकाच गोळीला वीस वेळा दाबा. त्या वीस आकड्यांतील विखुरणी ही पूर्णपणे आपल्या यंत्राची विखुरणी आहे. ती पेशींमधील विखुरणीपेक्षा बरीच लहान झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मग पेशींचे तीन गट करा: एक तसाच, दुसरा सायटोकॅलेसिन डी देऊन सांगाडा ढिला केलेला, तिसरा ग्लुटराल्डिहाइडने घट्ट केलेला. कोणता गट कोणता हे मोजणाऱ्याला माहीत नसावे. दुसरा गट मऊ आणि तिसरा ताठ असे स्वच्छ वेगळे आले, तर आपले उपकरण पेशीच मोजत आहे. वेगळे आले नाहीत, तर दोष अजून बोटात, संपर्कबिंदूत किंवा वेगात आहे, आणि तो याच क्रमाने शोधावा.

पेशींची जात, ट्रिप्सिन दिल्यापासून मोजेपर्यंतचा वेळ, बोटाचा पदार्थ व जाडी, आणि चुंबक ते बशी हे अंतर, एवढे कळवलेत तर बोटाचा स्थिरांक किती असावा याचे गणित मी आपल्याला करून देऊ शकेन.